गुरवकाकांचं गाऱ्हाणं आणि माझी कात्री

गुरवकाकांना मधूनच काही सांगता येत नसे. "काका, छत्री कुठे ठेवलीत?" असं विचारलं तर ते पहाटेपासून सुरुवात करायचे. "उठलो. न्हाणीत गेलो. देवळात पानी घातलं. परत येताना काळ्या कातळावर आभाळ भरलेलं दिसलं, म्हणून खुंटीवरची छत्री घेतली..." असं करत ते त्या छत्रीला सगळा गाव फिरवून आणायचे. छत्री सापडेपर्यंत सर येऊन गेलेली असायची. मध्येच कोणी तोंड घातलं तर संपलंच. पुन्हा न्हाणीपासून.

मी त्यांच्या माडीवर सहा वर्षं राहिले. गाव रत्नागिरीपासून लांब नव्हतं, पण खाडीकाठचं, आडवळणी. मी रत्नागिरीतल्या मांडवीची. कोल्हापूरला जाऊन इतिहासात एम.ए. करून आले होते आणि गावातल्या शाळेत बाई म्हणून लागले होते. तेव्हाचा माझा फोटो आहे. नायलॉनची साडी, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि चेहरा असा की देवाने अक्कल वाटायला काढली तेव्हा रांगेत मी एकटीच होते. नात परवा तो फोटो बघून म्हणाली, "आजी, तू कोणावर रागावली होतीस?" मी म्हटलं, "अख्ख्या भूतकाळावर."

काका ग्रामदेवतेच्या देवळाचे गुरव. देवाची पूजा त्यांच्याकडे, आणि गाऱ्हाणंही त्यांच्याकडे. शिमग्याला, जत्रेला, पेरणीच्या आधी सगळा गाव देवळात जमायचा. काका देवासमोर उभे राहून गावाच्या वतीने विनवणी करायचे, म्हणजेच गाऱ्हाणं घालायचे. एकेक वाक्य लांब, चढत जाणारं, आणि वाक्य संपलं की सगळ्या गावाने एका दमात म्हणायचं, "व्हय महाराजा!" असं चांगलं पाऊण तास. त्यात गावाच्या चारी सीमा, सीमेवरचे राखणदार, खाडीतला पीर, वाड्या, विहिरी, मानकरी, कोण कुठून आला, कोण कोणावर रुसला, सगळं यायचं. कागदाचा एक कपटा नाही. बापाने म्हटलं, मुलाने ऐकलं.

या सवयीचा परिणाम म्हणा, काका कशालाही गाऱ्हाणं घालायचे. नाक्यावर एसटीची वाट बघत उभे असले की हात जोडून सुरू. "बा यष्टी महाराजा, पालीच्या ठेसनावरून सुटलेली तू, घाटात दमलेली तू, आज ह्या लेकरांना वेळेवर ने, डायवराला शिंक येऊ देऊ नको..." आणि बाजूला उभे असलेले सगळे, कॉलेजची पोरंसुद्धा, "व्हय महाराजा!" माझा स्टोव्ह पेटत नसला की जिन्यात उभे राहून स्टोव्हला गाऱ्हाणं. अंडं न देणाऱ्या कोंबडीला गाऱ्हाणं. काकी आत भाकरी थापत असायच्या. त्या न वळता जो "व्हय महाराजा" म्हणायच्या, त्यात नवऱ्याबद्दलचं त्यांचं सगळं मत मावलेलं असायचं.

आणखी एक. पुराणातली माणसं त्यांच्या लेखी शेजारी होती. गावची देवी (गाऱ्हाण्यात तीही 'महाराजा'च) म्हणजे थोरली बहीण, तिची धाकटी खाडीपलीकडे दिलेली. का कोण जाणे, धाकटी एकदा रुसून बसली. म्हणून शिमग्यात तिची पालखी होडीतून अलीकडे येते, थोरली तिला भेटायला देवळाच्या पायऱ्या उतरते, धाकटीचे पाय धुतले जातात, आणि दोघींच्या भेटीला गाव रडतो. काका सांगताना इतके रंगायचे, की मी एकदा कुत्सितपणे विचारलं, "काका, नक्की कशावरून रुसली? साल कुठलं?"

"साल तिला विचारा," काका शांतपणे म्हणाले. "मी भांडणात नव्हतो."

मग मी ठरवलं, की या गावाच्या अज्ञानावर आपणच प्रकाश पाडायचा. तीन शिमगे मी देवळाच्या खांबाला टेकून वही घेऊन बसले. गाऱ्हाणं उतरवून घेतलं, आणि मग ते साफ केलं. साफ हा माझा शब्द. बोलीतले शब्द ठोकून सरळ केले. एकच गोष्ट तीनदा आली तर दोनदा उडवली. नावांच्या लांबच लांब ओळी होत्या, अमक्या पेवापासून तमक्या आंब्यापर्यंत, घोडपाखाडीपासून मिठाच्या खाचरापर्यंत. त्या सगळ्या काढल्या. वहीत समासात लिहिलं होतं, अजून आहे, "निरर्थक स्थलनामे." घोडपाखाडी म्हणजे गावातून खाडीकडे उतरणारी जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. तिच्यावरून मी रोज शाळेत जात होते. तरी निरर्थक.

काकांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दोन मिनिटांतच डोळे उघडले.

"बाई, धाकटी कुठून आली?"

"खाडीपलीकडून. लिहिलंय की."

"ते बरोबर. पण वर कशी आली? उडत आली काय?"

"काका, तो तपशील आहे. अर्थाला बाधा येत नाही."

"नाव घेतलं नाय तर माणूस रुसतो," काका म्हणाले. "आणि जाग्याचं नाव घेतलं नाय तर जागा जाते." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बाजारातून यादीतलं काही विसरून आले की काकींपुढेही ते हेच म्हणायचे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

शाळेत माझी एक सहकारी होती, बौद्धवाडीतली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. तिच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर धम्म घेतलेला. वाडी तेव्हापासून देवळात जात नव्हती. ताईने माझी वही चाळली आणि म्हणाली, "ती ओळ कुठाय गं? आमची माणसं खालच्या पायरीला उभी राहायची, ती?"

मी म्हटलं, "अशी ओळ मी ऐकलीच नाही."

"मी लहानपणी आजीकडून ऐकलीये. चल, विचारू."

आम्ही गेलो. काका अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. ताईने सरळ विचारलं. काकांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"ती माझ्या बापाच्या तोंडी होती. मी म्हणत नाय. तुझ्या बापाकडे गेलेलो मी, गुरवपण माझ्याकडे आलं तेव्हा. तो बोलला, आमी देव सोडला, आता आमची पायरी तुमच्या देवाच्या कानात कशाला सांगतोस? मला ते पटलं. मग देवाला कौल लावला."

कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे. उजव्या बाजूचा दाणा आधी पडला की होकार.

"आणि उजवा पडला?" ताईने विचारलं.

"तिसऱ्या वेळेला."

"म्हणजे देव दोनदा नाही म्हणाला!"

"पहिल्यांदा नीट ऐकलं नसेल त्याने," काका म्हणाले आणि पुन्हा सुपाऱ्या पसरू लागले. "आनि तुझा बाप आणखी एक बोलला. पायरी काढ, वाट ठेव. म्हणून पाखाडी हाय अजून गाऱ्हाण्यात. तुझ्या वाडीचं नाव घेऊन हाय."

परत येताना ताई म्हणाली, "पायरी त्यांच्या तोंडातून गेली, चांगलं झालं. मी म्हणून त्या देवळात जाणार नाही. पण माणूस विचारायला घरी आला होता, हे मला माहीत नव्हतं."

यातून मी काय शिकावं? मी शिकले, की काकासुद्धा ओळी गाळतात, मग मी का नको! त्यांनी कोणाला विचारून गाळली आणि मी कोणाला न विचारता गाळल्या, हा फरक माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हता.

पुस्तिका निघाली. रत्नागिरीच्या एका छापखान्यात, पिवळ्या मुखपृष्ठाची. गाऱ्हाणं आठ पानांचं आणि माझी प्रस्तावना अकरा पानांची. दोनशे प्रती. गावच्या वाण्याच्या दुकानात ठेवल्या, आणि आठवड्यात संपल्या! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पुढे लग्न झालं, बदल्या झाल्या, सासू झाले, आजी झाले, पण "माझी पहिली आवृत्ती आठवड्यात संपली" हे वाक्य मी दर लग्नाकार्यात कोणाला ना कोणाला ऐकवलंच.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मांडवीच्या घरी होते. फोन आला. खारवीवाड्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती आता स्वतः आजी आहे. नवऱ्याची होडी, आणि मासळी विकते ती. शाळेत तिला अपूर्णांक काही केल्या आले नाहीत, पण भाव करताना पाव आणि पाऊण कसे अगदी चोख.

"बाई, पाखाडी बंद केली ओ."

"कोणी?"

"वरच्या बागवाल्याने. दोन्हीकडे दगडांचा गडगा घातलाय, मध्ये लोखंडी गेट. म्हणतो बाग माझी, वाट माझी. आता टोपल्या डोक्यावर घेऊन लांबच्या रस्त्याने जायचं, तर बाजाराची गाडी सुटते. मासळी आमची काय थांबते? चार दिवस फुकट गेले. बौद्धवाडीच्या पोरांना शाळेला तासभर चालायला लागतं. रविवारी देवळात बैठक हाय. तुमी या. इतिहास तुमी शिकवलात, चार शब्द बोला."

मी लगेच हो म्हटलं. माझ्यातली गॉगलवाली कुठे मेली होती? प्रवासभर मी भाषण रचत होते.

बागवाला साठीचा, मुंबईत वाढलेला, पण घराणं गावचंच. शिमग्याला मात्र लहानपणापासून न चुकता येणारा. वाईट माणूस नव्हता. कलमं लावली होती, आंबा चोरीला जातो म्हणून वैतागला होता. त्याचे कागद चोख होते. कुठल्याच कागदावर वाट नव्हती. खारवीवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, "वाट गाऱ्हाण्यात आहे, देवाची वाट आहे." मी भाषणासाठी पदर सावरून उठणार, एवढ्यात बागवाल्याने पिशवीतून एक पिवळं पुस्तक काढलं.

"हे गाऱ्हाणं. छापील. आमच्या काकांच्या कपाटात होतं. पहिलं पान ते शेवटचं पान वाचलंय मी. पाखाडीचं नाव नाही. आणि प्रस्तावनेत लिहिलंय," त्याने चष्मा लावला, "'संपूर्ण व शुद्ध पाठ प्रथमच वाचकांसमोर.' लिहिणाऱ्या बाई इथेच बसल्यात. विचारा त्यांना."

सगळ्या देवळाने माझ्याकडे पाहिलं. मी उठता उठता अर्धीच उठले होते, तशीच राहिले. वय सत्तरीचं, गुडघे दुखतात, पण बसवेना. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. मी फळ्यावर साल चुकवलं की जशी बघायची, तशी बघत होती. चाळीस वर्षांपूर्वी माझी कात्री चालली होती, आणि आज हिची टोपली अडकली होती.

"मी... मी गाळली," मी म्हटलं. "वाट होती. मला निरर्थक वाटली."

"असं आता म्हणताय," बागवाला म्हणाला. "छापलंय ते छापलंय. दोनशे प्रती गावभर गेल्या असतील, कोणी हरकत घेतली?"

कोपऱ्यातून खोकला आला. गुरवकाका. नव्वदीच्या घरात, खांबाला टेकून बसलेले, कानटोपी. मला वाटलं होतं झोपलेत.

"गावभर नाय गेल्या," ते म्हणाले. "एक गेली. वाण्याच्या दुकानातून तुझा काका माझ्याआधी उचलून गेला. बाकीच्या माझ्या माळ्यावर हायत. उंदरांनी प्रस्तावना खाल्ली, गाऱ्हाण्याला तोंड लावलं नाय."

देऊळ हसलं. मी पण हसले, पण माझी आवृत्ती त्या क्षणी संपली, खऱ्या अर्थाने.

"म्हटलं ना तुमाला, बाई, धाकटी उडत आली काय?" काका मला म्हणाले. मग बागवाल्याकडे वळले. "तुला ऐकायचंय काय गाऱ्हाण्यात काय हाय ते?"

"फक्त पाखाडीचा भाग सांगा, काका. वेळ नाही."

बिचारा. काकांना मधूनच सांगता येत नाही, हे मुंबईत राहून तो विसरला होता.

दोघांनी धरून उभं केलं. काका देवासमोर आले, कानटोपी काढली, हात जोडले आणि सीमेपासून सुरुवात केली. पहिल्या वाक्याला आवाज फाटला. दुसऱ्याला लागला. "उत्तरेच्या अंगाला काळ्या कातळाची राखणदारीण, तिचा पहिला मान, तो तिला पावला ना रे महाराजा..."

"व्हय महाराजा!" सगळे. बैठक आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. काका बोलायला लागले की तोंडातून ते येतंच.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. खाडीतला पीर आला, मानकरी आले, विहिरी आल्या. प्रत्येक वाक्याला तोच लयीचा झोका, तोच चढ, आणि शेवटी सगळ्यांचा एक आवाज. आणि मग, अजून आठवलं की अंगावर काटा येतो, काका गाऱ्हाण्यातून खाडीकडे उतरू लागले.

"धाकटी बहीण खाडीवरनं आली, चिखलानं भरलेल्या पावलानं घोडपाखाडी चढली. खालचं मीठ त्याच वाटेनं वर गेलं, वरचं भात त्याच वाटेनं खाली आलं. खारवीवाड्याची टोपली, बौद्धवाडीची लेकरं त्याच वाटेनं चालली. ती वाट तुझी, ती कोनी मोडू नये, कोनी अडवू नये, अडवील त्याला तूच समज दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांत पुढे बसलेल्या बागवाल्यानेही म्हटलं. चांगलं खणखणीत. लहानपणापासूनची जिभेची सवय, तिला कागदपत्रं काय ठाऊक? म्हणून झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

काका थांबले नाहीत. त्यांना थांबता येतच नव्हतं. अजून सहा विहिरी बाकी होत्या. तो अख्खा वेळ बागवाला मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या खांद्यांवरून कळत होतं, की तो हसायला लागलाय.

गाऱ्हाणं संपल्यावर तो उठला. "काका," तो म्हणाला, "देवासमोर व्हय म्हटलंय, आता नाय कसं म्हणू? गेट उद्या काढतो. पण आंबा चोरला तर?"

"त्याचं गाऱ्हाणं मी घालतो ना," काका म्हणाले. "तुझ्या बागेचं नाव घालतो आत. मग बघू कोन चोरतो." आणि मग ते मटकन बसले आणि चहा मागितला, दोन साखर.

इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. मला वाटत होतं, मी दोन वाड्यांचा रस्ता बुडवणार. आणि त्या म्हाताऱ्याने मला, न बोलता, चाळीस वर्षं सांभाळून घेतलं होतं. माळ्यावर घालून.

इतिहास मी तेहतीस वर्षं शिकवला. मीठ वर गेलं, भात खाली आलं, याला पुस्तकात देवाणघेवाण म्हणतात. खाडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन गावांनी ती टिकवली कशी, तर दोघींना बहिणी करून. भांडण झालं, तर बहीण रुसली. समेट झाला, तर पाय धुतले. कागद जळतो, वाळवी लागते. पण पाऊण तासाचं वाक्य आणि शंभर तोंडांचं "व्हय"? त्यात गावाने वाट जपली. अन्यायही त्यातच जपला होता, खालच्या पायरीचा. एक काढायला आणि एक ठेवायला कोणाला तरी घरोघर विचारत जावं लागतं. काकांनी ते केलं, आणि त्यांना इतिहास हा शब्दही नीट म्हणता येत नसे.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. ती आता मुलाकडे अलोऱ्याला असते. "वाट उघडली," म्हटलं. आणि बागवाला कसा व्हय म्हणाला ते सांगितलं. ती इतकी हसली की सुनेने येऊन फोन घेतला, आईंना काय झालं म्हणून.

काका गेल्या वर्षी गेले. झोपेतच. शिमग्याचं गाऱ्हाणं आता त्यांचा मुलगा घालतो. पाखाडीनंतर एक नवं वाक्य आहे, बागेचं.

हा लेख मी छापायला द्यायच्या आधी खारवीवाड्यात गेले, आणि माझ्या विद्यार्थिनीला पाखाडीच्या वरच्या पायरीवर बसवून वाचून दाखवला. म्हटलं, आता विचारल्याशिवाय काही छापायचं नाही. तिने टोपली बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"सगळं बरोबर हाय," ती म्हणाली. "एक सोडून."

"काय?"

"त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने व्हय महाराजा कोण म्हणत होतं, पहिल्या वाक्यापासून? डोळ्यांतनं पानी गाळत? ते का गाळलंत ओ बाई?"

मी म्हटलं, "बरं बाई, घालते." घातलं.